मामांची साफ भांडी

बरणीचं झाकण उघडण्याआधी मामा तिच्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे. आम्ही मुली हसलो की म्हणायचे, "आत बिऱ्हाड आहे गो. सांगून नको काय उघडायला?"

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेतले शिपाई. तुमच्याही कॉलेजात असा एखादा असेल, ज्याच्यावाचून सगळ्या प्राध्यापकांचं अडतं. अमीबा जगवावेत ते मामांनीच. जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत साठलेलं पाणी आणायचं, त्यात उकडलेले चार तांदूळ टाकायचे, आणि बरणीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. काचसामान धुतलं की एकेक नळी खिडकीशी धरून बघायचे. घरी मासळी धुतानाही असंच चालायचं म्हणे, बायको वैतागायची.

१९९८ साली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, माझ्या प्रकल्पाचे सगळे अमीबा ऐन वेळी फुटून मेले. आत बारीक ठिपके. रंग घालून बघितलं तर जिवाणूंसारखे जांभळे. माझे मार्गदर्शक सर भर प्रयोगशाळेत मामांवर घसरले, भांडी घाण धुतलीत म्हणून. मामा खाली मान घालून उभे राहिले. आणि मी? मला वर्ष वाचवायचं होतं. अहवालात मीही तेच लिहिलं.

आठवड्याने मामांनी माझ्यापुढे काचेच्या थाळ्या मांडल्या. ते ठिपके आम्ही त्यांत जिवाणूंचं खाद्य घालून वाढायला ठेवले होते. थाळ्या कोऱ्या.

"मळ असता तर वाढला असता ना?" मामा म्हणाले. "दिसलं तेवढं लिही. नाव ठाऊक नसेल तर नाही म्हण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाक्य खोडलं आणि 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. सरांनी गुण कापले, पण पास झाले. पुढे नोकरीत हे तीन शब्द कितीदा उपयोगी पडले, आणि ते मला मामांनी दिले.

पाच-सहा वर्षांनी एका मासिकात वाचलं, की अमीबात एक अवाढव्य विषाणू सापडलाय. जिवाणूएवढा, रंगही तसाच घेणारा, पण जिवंत पेशीबाहेर, थाळीत, न वाढणारा. मोठमोठे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याला जिवाणूच समजत होते. मी तडक मामांचं गाव गाठलं. ते निवृत्त होऊन पडवीत बसलेले, नजर अधू झालेली. सगळं वाचून दाखवलं. आपले ठिपके तेच होते असं म्हणता यायचं नाही, नमुना केव्हाच गेला, हेही सांगितलं.

"ते असू दे. पण मळ नव्हता ना?"

"नव्हता, मामा."

त्यांनी आत बायकोला हाक मारली, "ऐकलंस काय गो? भांडी साफ होती."

पुढच्याच वर्षी मामा गेले. एवढी वर्षं तो माणूस हे ऐकायला थांबला होता, आणि मी समजत होते, आपण विज्ञानाची बातमी घेऊन चाललोय.