खोटी पातळी

धरणगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवते. वाचनाची चाचणी घ्यायची, प्रत्येक मुलाची पातळी मोबाइलच्या ॲपमध्ये भरायची आणि मागे पडलेल्यांना दुपारी वेगळं शिकवायचं, ही पद्धत मला मनापासून पटली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं जोडाक्षरांशी अडतंय, हे मला त्यातूनच कळलं.

एका सकाळी तीच धावत आली. "मॅडम, माले वाचता येस आते! मोठा सर सांगी ऱ्हायनात. दुपारी बसायची गरज नाही."

मी पुस्तक पुढे केलं. पहिल्याच ओळीत ती अडखळली आणि तिचा चेहरा पडला.

मी तडक मोठ्या सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, वरून फोन होता. ॲपवर आपली शाळा लाल, म्हणजे मागे पडलेली दिसत होती, म्हणून थोड्या पातळ्या वाढवल्या."

"आणि पोरीचा तास बुडेल त्याचं काय, सर?"

"मॅडम, शांत व्हा."

मी शांत झाले नाही. त्यांच्यासमोरच तिची खरी पातळी पुन्हा भरली. त्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस वरच्या कार्यालयातून आली, तिलाही उत्तर दिलं. जळगावच्या बैठकीत तालुक्याच्या सुधारलेल्या आकड्यांना टाळ्या पडल्या; मी वाजवल्या नाहीत.

दुपारचा तास मात्र मी चुकू दिला नाही. दिवाळीनंतर ती मुलगी अख्खा धडा न अडता वाचू लागली. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.