डब्यात काय दिलंय?

ये गं, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी उपडा ठेव. सकाळपासून लेकाचे गणवेशातले फोटो जगाला वाटत बसली आहेस, मागितले होते का कुणी? रुसू नकोस. खरं तर तुला बोलायचं तोंडच नाही मला. का ते सांगते. आमच्या बोरिवलीच्या शाळेच्या गेटवर एक मावशी होत्या. माणसांवर इतका अविश्वास ठेवणारी दुसरी बाई अंधेरीपासून दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत शोधून सापडायची नाही. प्रत्यक्ष देव एखाद्या पोराला न्यायला आला असता ना, तरी मावशींनी आधी कार्ड मागितलं असतं, आणि कार्ड बघून झाल्यावर विचारलं असतं, "ते ऱ्हवांदे. आज डब्यात काय दिलंय?"

ही त्यांची स्वतःची रीत. सकाळी बालवाडीची पोरं आत शिरताना एकेकाच्या कानाशी वाकून डबा विचारायच्या, आणि दुपारी न्यायला आलेल्या माणसाचं उत्तर जुळलं तरच पोराचा हात सोडायच्या. साठ पोरांचे साठ डबे त्यांच्या डोक्यात, कागद नाही की पेन नाही. टाय लावलेले एक बाबा एकदा भर रस्त्यात बायकोला फोन करून ओरडत होते, "अगं, भाजी कुठली होती? मला पोरगी देत नाहीयेत!" त्यानंतर आमच्या बिल्डिंगमधले सगळे बाप सकाळी डब्याचं झाकण उघडून बघायला लागले. मलाही सोडलं नाही त्यांनी. मी थाटात म्हटलं, "थालीपीठ." तर म्हणतात, "पोर सांगता काळी पोळी. आजी, जरा गॅस बारीक ठेवा." सगळ्यांसमोर! मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

आता माझं ऐक. मी शिकलेली चौथी, पण फोन माझा मी शिकले. फेसबुकवर एक डब्यांचा ग्रुप आहे, हजारो बायका. तिथे रोज माझ्या नातीच्या, चिऊच्या डब्याचा फोटो टाकायचे. डब्यावर सुनेने चिकटवलेली चिठ्ठी असायची, नाव, वर्ग, शाळा सगळं त्यात. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. लोक म्हणायचे, "आजी, झकास!" आणि मी फुगायचे.

एका मंगळवारी मला जाग उशिरा आली. चिऊला ब्रेड-जाम देऊन पाठवलं. पण ग्रुपवर ब्रेड-जाम कसा दाखवणार? लाज वाटली. मग मागच्या महिन्यातला घावण्यांचा फोटो चढवला आणि लिहिलं, "आज आमच्या चिऊला घावणे आणि खोबऱ्याची चटणी."

त्या दुपारी मी गेटवर पोचायच्या आधी एक माणूस आला. म्हणाला, "चिऊचा मामा. आजींना बरं नाही, कार्ड घाईत राहिलं." मावशींनी डबा विचारला. तो म्हणाला, "घावणे. चटणी." अगदी न अडखळता. मावशींनी चिऊला मागे ओढलं, गेटची कडी लावली आणि वॉचमनला अशी हाक मारली की सगळा रस्ता थांबला. तेवढ्यात तो रिक्षांच्या गर्दीतून पसार. मी पोचले तेव्हा चिऊ बाकावर पाणी पीत बसली होती आणि मावशींनी कडीवरचा हात अजून काढला नव्हता. मला म्हणाल्या, "आजी, तो घावणेच कसो बोललो गो?"

मी चिऊचं दप्तर उचललं आणि घरची वाट धरली.

पोलिसांत तक्रार झाली, पालकांची सभा झाली. एक जण म्हणाले, "ह्या बाई दुपारी गेटवर ओरडून डबा विचारतात, मागच्या कुठल्या दिवशीचे घावणे ऐकून ठेवले असणार कुणीतरी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी उभ्या राहून म्हणाल्या, "माझोच आवाज मोठो. चूक माझी." मी तिसऱ्या ओळीत, पर्समध्ये फोन घट्ट धरून बसलेली. जिने माझी नात राखली ती माझी चूक अंगावर घेत होती, आणि मी, वयाने सगळ्यांत मोठी, पंख्याकडे बघत होते. मावशींना गेटवरून काढून वरच्या मजल्यावर झेरॉक्सच्या खोलीत बसवलं. खाली आता फोनवर नंबर येतो, तो दाखवायचा.

घरी येऊन एकेक फोटो पुसला. पण केलेलं पुसता येतं का? दहाव्या दिवशी जिना चढून गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. आधी हसल्या. "म्हणजे पोरीक ब्रेड-जाम, आणि लोकांक घावणे?" मग हसू विरलं. हळूच म्हणाल्या, "दहा दिवस माका झोप नाय, आजी. वाटायचां, माझ्याच तोंडान पोर घालवलं असतंय." मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मुख्याध्यापक बाईंना सांगितलं, चौकीवर जाऊन सांगितलं. ग्रुपवरसुद्धा लिहिलं, तिथे कुणी झकास म्हटलं नाही. गेट मात्र मावशींना परत मिळालं नाही. नवी पद्धत बसली, मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. शाळा सुटायच्या वेळी त्या खिडकीशी येऊन उभ्या राहतात. चिऊ खालून हात हलवते, त्याही हलवतात. माझ्याकडे नजर गेली की आत जातात.

आता फोन उचल आणि एवढं तेवढं माझ्यासाठी लिही: मावशी, हे कुणी वाचून दाखवलं तर ऐका. मी घरी या म्हटलं, तर तुम्ही "बघूया" म्हणालात, वार काही सांगितला नाहीत. कुठल्याही रविवारी या. मला माफ केलं नसलं तरी या. फक्त लवकर या, मावशी कधी येणार असं चिऊ रोज विचारते आणि मला तिला उत्तर देता येत नाही.