गेरूचं होल

“याला आज घरी बसवतो. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये ‘ऑपरेटरची चूक’ लिहा,” मालक म्हणाले. मी अजून टूलकिटही उघडलं नव्हतं.

वाळूजला पत्रा दाबून प्रेसपार्ट बनवणारा कारखाना. मी कॉम्प्युटरचा सर्व्हिस इंजिनिअर. नामांतराच्या वादानं त्या दिवशी शहर बंद होतं. एसटी नाही, रिक्षा नाही. मी स्कूटरवर कसाबसा पोचलो. ड्राफ्ट्समन खंडू मात्र पडेगावहून चालत आला होता. नोकरीच जायची वेळ आलेली, काय करील बिचारा!

तक्रार अशी, की खंडूच्या ड्रॉइंगमधलं एक होल, म्हणजे पार्टला पाडायचं भोक, स्क्रीनवर दिसतच नव्हतं.

“चारदा काढलं साहेब. काढलं की गडप. भानामती झाल्यागत,” खंडू म्हणाला.

“भानामती कसली? कामचुकारपणा आहे!” मालक गरजले.

मला रागच आला. एवढी तंगडतोड करून येणारा माणूस कामचुकार? म्हटलं, खरं काय ते कळल्याशिवाय इथून हलायचं नाही.

आधी केबल काढून बघितली. पिना सरळ. ब्राइटनेस वाढवला. फरक शून्य.

“कधीपासून होतंय हे?”

“खंडेनवमीला हा नवा मॉनिटर पूजेत मांडला ना, तवापासून.”

“सेटिंग कुणी बदललं?”

“मी,” मालक म्हणाले. “एवढा मोठा मॉनिटर आणला, मग रेझोल्यूशनचा आकडा मोठा नको?”

इथं माझी ट्यूब पेटली. स्क्रीन ठिपक्यांची बनते. ठिपके किती, ते रेझोल्यूशन. प्रत्येक ठिपक्याला किती रंगांतून रंग निवडता येतो, ती कलर डेप्थ. त्या काळी दोन्ही एकाच डिस्प्ले कार्डाच्या तुटपुंज्या मेमरीत बसवायचं. मेमरी म्हणजे आखूड गोधडी, डोक्यावर ओढली की पाय उघडे. मालकांनी ठिपके वाढवले आणि रंग दोनशे छप्पन्नचे सोळा झाले.

“खंडू, होलाला रंग कोणता देता?”

“गेरूचा. घरी मेंढरांना गेरूचीच खूण करतो आम्ही. कळपात हरवत नाय.”

सोळा रंगांत गेरू नव्हता. यादीत नसलेला रंग ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर सरळ काळा धरायचं. आणि मागची स्क्रीनही काळीच!

मी रेझोल्यूशन एक पायरी उतरवलं, रंग दोनशे छप्पन्न केले, मशीन पुन्हा चालू केलं. ड्रॉइंग उघडलं. एक नाही, चार होलं होती, एकमेकांपासून केसभर सरकलेली.

“मोजा मालक,” खंडू म्हणाला. “लई बोललात सकाळपासून. आता मोजा.”

मालकांनी खरंच बोट लावून मोजली. मग मला म्हणाले, “पण आकडा लहान झाला की.”

“कार्डाच्या मेमरीची गोधडी मोठी आणा, वाढवून देतो.”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘ऑपरेटरची चूक नाही. सेटिंग मालकांनी बदललं होतं.’ मालकांनी वाचलं, खाकरले आणि सही केली. संध्याकाळी खंडूला त्यांनी आपल्या जीपमधून पडेगावला सोडलं.

तेव्हापासून ‘चूक कुणाची’ हा रकाना मी सगळ्यात शेवटी भरतो. मालक सुरुवातीलाच सांगत असतील, तर जरा जास्तच शेवटी.