बेल्जियमवाल्याला सलाम

शारजाच्या रोल्ला बाजारात कुकर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. कुकर पुढे केला की तो आधी काळा दांडा अंगठ्याने खसाखसा घासतो आणि तापला की नाकाशी नेतो. औषधासारखा उग्र वास आला की स्वारी खूश. "असली बेकेलाइट!" मग दांडा माझ्याही नाकाखाली येतो आणि ठरलेलं भाषण सुरू होतं. हे आचेला दाद न देणारं प्लास्टिक एका बेल्जियमवाल्याने शोधून काढलं, नाहीतर दुनियाभरच्या बायकांचे हात पोळले असते. शेवटही ठरलेला, "कोई बेल्जियमवाला मिले तो मेरा सलाम बोलना, साब."

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात नवा मॅनेजर आला, तो नेमका बेल्जियमचा. पहिल्याच लंचला मी त्याला बेकेलाइटची सगळी गोष्ट सांगितली, अंगठ्याने घासून वास घ्यायच्या युक्तीसकट. तो चाटच पडला. "तुला हे कसं माहीत?"

"वाचनाची आवड आहे," मी म्हणालो. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या काचेच्या टेबलावर मला रोल्ल्यातल्या कुकरवाल्याचा विषय काढवेना.

परवा कुकरची शिट्टी बदलायला गेलो. त्याने सवयीने दांडा घासला आणि विचारलं, "मिला कोई?"

"नहीं," मी खाली बघत म्हणालो.

त्याला वाटलं, मला वाईट वाटतंय. माझ्या खांद्यावर थोपटत तो म्हणाला, "मिलेगा साब, इन्शाल्ला. आप दिल छोटा मत करो."