पर्ल मारलेली जीप

आमच्या जीपला कुठला रंग द्यायचा यावरून घरात त्या हिवाळ्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. आणि खरं सांगते, लग्नापेक्षा मला याच भांडणात जास्त मजा आली. संभाजीनगरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. आमची जीप तिथं न्यायची असं मी परस्पर ठरवलं, फोटो पाठवले, नोंदणी केली आणि मगच घरात सांगितलं. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई मी, रंगाचा विषय निघाला की मला दम धरवत नाही.

जीप आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पाथरीहून सोनपेठच्या बाजाराला माणसं वाहून नेण्यात तिची सगळी उमर गेली. आता ती धंद्यातून निवृत्त झाली होती, पण एक काम तिनं कधी सोडलं नाही. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची पहिली गाडी तीच. पुढच्या सीटवर हार घातलेली तसबीर आणि मागं वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना एवढं चालवत नाही. त्या दाटीवाटीनं बसायच्या, एकमेकींना ढोसायच्या आणि पानाची चंची फिरवत गावभर मिरवायच्या. जयंतीच्या आधी आण्णा स्वतः ब्रशनं जीपला ऑइलपेंट मारायचे. दुकानात त्या वर्षी जो निळा मिळेल तो. कधी आकाशी, कधी शाईसारखा, आणि एकदा तर असा काही निळा मिळाला होता की माय त्याला हिरवाच म्हणायची.

रंगारी परभणीचा. माणूस कामाचा पक्का आणि बढाईखोर त्याहून पक्का. जीपचा जुना रंग घासायला त्यानं घेतला तर कांद्यासारखे पापुद्रे निघायला लागले, एका निळ्याखाली दुसरा. तो कपाळाला हात लावून बसला. मग त्यानं आमच्यापुढं तीन वाटा ठेवल्या. आण्णांचा नेहमीचा ऑइलपेंट, कंपनीचा साधा मेटॅलिक स्प्रे, नाहीतर पर्ल. पर्ल म्हणजे आधी निळा, त्यावर मोत्यासारखी चमक देणाऱ्या चुऱ्याचा पातळ थर, त्यावर काचेसारखा चकचकीत थर. आपल्याला हवा तो निळा आपल्यासमोर घोटून द्यायचा. त्याचा आकडा ऐकून माय उठून आत निघून गेली, म्हणून तो आकडा इथंही सांगत नाही.

"मेटॅलिक तो कोई बी मारता," रंगारी मला म्हणाला, "पर्ल मारने कू हात होना."

कागदावरच्या नमुन्यांवर त्याचा विश्वास नव्हता. रंग बघायचा तर पोलादावर बघा आणि बाक असलेल्या पोलादावर बघा, असं तो म्हणाला. म्हणून मी घरातले स्टीलचे चमचे नेऊन दिले. त्यानं प्रत्येकाच्या पाठीवर वेगळा निळा मारला. मी ते चमचे अंगणातल्या भिंतीवर उन्हात मांडले आणि तास दीड तास त्यांच्यासमोरून हललेच नाही. माय विचारत होती, आता पोह्यांना काय वापरायचं. माझं लक्ष नव्हतं. त्यातला एक चमचा सावलीत अगदी गप्प, काळसर निळा होता, पण उन्हाकडं जरासा कलला की आतून उजेड सळसळत वर यायचा. मी ओरडूनच आण्णांना बोलावलं.

आण्णांनी तो उलटसुलट करून बघितला. लय देखणा आहे म्हणाले. मग त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला आणि ओरखडा पडला तर काय, असं विचारलं. या बाबतीत तो खरं बोलला. पर्लला ठिगळ लागत नाही, लावलं तर दुरून दिसतं. एक ओरखडा पडला तरी अख्खं दार पुन्हा करावं लागतं.

आण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"मंग एप्रिलात म्हाताऱ्या बसतेल का न्हाई हिच्यात?"

त्यांचा तेवढाच प्रश्न होता, आणि पुढचे पंधरा दिवस ते तोच विचारत राहिले. मी बसतील म्हणत होते, पण मला घाई झाली होती. माझं म्हणणं वेगळं होतं. आयुष्यभर आपण 'चालून जातंय' म्हणत आलो. कपडे चालून जातात, घर चालून जातं, ऑइलपेंट चालून जातो. एकदा तरी आपल्या वस्तीतली एखादी वस्तू अशी असू दे की बघायला लोकांनी गर्दी करावी. मी हे इतक्या तावातावानं बोलले की शेजारीण डोकावून गेली. आण्णा हो म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तो चमचा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. चहाच्या टपरीवर एकेकाला उन्हात नेऊन दाखवत होते म्हणे. मग मी रंगाऱ्याला सरळ कामाला लागायला सांगितलं.

हवेत कापसाचे तंतू उडायचे दिवस होते. एक तंतू ओल्या रंगावर बसला तर सगळं वाया. रंगाऱ्यानं जमिनीवर पाणी मारलं, शटर ओढलं आणि आम्हाला हाकलून दिलं. जीप बाहेर आली त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढून परभणी गाठली. शटर वर गेलं, जीप ढकलत उन्हात आणली, आणि माझ्या अंगावर काटा आला. आण्णा तिच्याभोवती फिरत राहिले, हात मागं बांधून, हसत.

प्रदर्शनात आमच्या शेजारी लांबलचक, राजेरजवाड्यांच्या वाटाव्यात अशा गाड्या होत्या. पण लोक आमच्या जीपपाशी थांबत होते, वाकून बघत होते, आपलंच तोंड तिच्यात न्याहाळत होते. रंगकामाचं बक्षीस आम्हाला मिळालं. मी टाळ्या वाजवून हात लाल केले. जीप वस्तीत शिरली तेव्हा पोरांनी फटाके लावले, कुणी पेढे वाटले, आणि मायनंही चमच्यांचा विषय त्या दिवशी काढला नाही.

मग एप्रिल आला. जयंतीच्या दिवशी संध्याकाळी मंडळाची पोरं नवा दोरखंड घेऊन हजर. त्यांनी जीपच्या चारी बाजूंनी दोर धरला, आत कुणी येऊ नये म्हणून. पुढं पुठ्ठ्याची पाटी, सुंदर अक्षरात: गाडीला हात लावू नये. सगळं प्रेमापोटी चाललेलं. मलाही अभिमानच वाटला. ढोल सुरू झाले, निळा गुलालही जीपपासून लांब उधळला जात होता. आत तसबीर, आण्णा आणि मी. मागच्या बाकड्यांवर कुणी नव्हतं.

चौकात आत्या उभी होती. नात्यानं आण्णांची आत्या, पण अख्खी वस्ती तिला आत्याच म्हणते. वस्तीत सगळ्यांत म्हातारी तीच, आणि दरवर्षी सगळ्यांत आधी जीपमध्ये चढणारीही तीच. दोर जवळ आला तशी ती मागं सरकली. दोन्ही हातांनी पदर गोळा करून तिनं पोटाशी धरला, गाडीला लागू नये म्हणून. असा पदर सावरताना मी कधी कुणाला बघितलं नव्हतं. आण्णांनी बघितलं होतं, लहानपणी, स्वतःच्या आईला, गावातल्या पाणवठ्यावर.

आण्णांनी गचकन ब्रेक मारला. खाली उतरले, पाटी काढली आणि तिचे दोन तुकडे केले. पोरं गोंधळली. रंग जाईल की, असं कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे रंग. आपल्या गाडीवर ही पाटी न्हाई लागायची. कवाच न्हाई."

पोरांच्या हातातला दोर आपोआप सुटला. आण्णांनी आत्याचं मनगट धरलं. ती हात ओढून घेत होती.

"नगं रं, बांगड्या हायत. वरखडे पडतेल."

त्यांनी तिचा पंजा बॉनेटवर ठेवला. ती आधी नुसती टेकून राहिली, मग हळूच हात फिरवायला लागली. बांगड्या रंगावर किरकिरल्या. मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि इतका आनंद झाला की मी जीपमध्ये उभीच राहिले.

"बसू का?" आत्यानं विचारलं.

दरवर्षी आपल्या आधी कुणी बसलं तर भांडणारी ही बाई, आणि आज ती विचारत होती. आण्णांनी तिला उचललंच आणि तसबिरीशेजारी बसवलं. मग बाकीच्या आल्या. प्रत्येकीनं आधी रंगावरून हात फिरवून घेतला आणि मगच पाय वर टाकला.