देवाचं पहिलं दळण

महाडात कुणी खरोखर धर्म पाळला असेल, तर तो आमच्या गिरणीवाल्या काकांनी, आणि तोही आमच्या जिवावर. सकाळी पहिलं दळण त्यांच्या देवाच्या नैवेद्याचं, मग गावाचं, आणि दिवे लागल्यावर सगळ्यांत शेवटी आम्हा बौद्धांचं. आई बाजारात भाजी विकून दमलेली, डबा घेऊन ताटकळायची. घरी आम्ही उपाशी. एकदा तिनं आपला नंबर मागितला, तर काकांनी हातच जोडले. "बाई, घटनेनं प्रत्येकाला आपापला धर्म पाळायची मुभा दिली आहे. तुम्ही तुमचा पाळा, मी माझा." घटना कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक होतं, आवाजात आदरसुद्धा होता.

माणूस वाईट म्हणावा, तर तसंही नाही. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी लोटली की ते गिरणीसमोर पिंप भरून ठेवत आणि येईल त्याला स्वतः पाणी देत. "पाण्याचा निकाल लागलाय," म्हणत, "पिठाचा अजून लागायचाय."

तो एका होळीला लागला. काकूंच्या पुरणपोळ्या काळपट झाल्या. "माझ्या गव्हात नाचणी कुणाची?" काका गिरणीच्या दारात गरजले. आई पाटी घेऊन चालली होती. "काल शेवटचं दळण आमचंच व्हतं, काका. मूठभर पीठ दगडात राहतंच."

काकांनी गिरणीच्या दगडांकडे पाहिलं. इतकी वर्षं देव कुणाचं पीठ खात आला, हे त्यांच्या ध्यानात आलं. देवानं कधी तक्रार केली नव्हती, हे मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशी देवाचं दळण मागे ठेवून ते इतरांना पुढे बोलावू लागले. पण पहिल्या दळणात कुणाचं पीठ येतं, ही बातमी गावभर झालेली. "छे छे, आधी देवाचं!" म्हणत जो तो मागे सरके. दुपार झाली, पोटं ओरडू लागली. शेवटी काकांनीच आईला हाक मारली. "बाई, तुम्हीच पहिल्या या. यापुढे जो आधी येईल त्याचं आधी. त्याच घटनेत समानताही लिहिली आहे!" जणू ते कलम त्यांनीच घातलं होतं. भुकेल्या गावानं मुकाट्यानं आईमागे डबे लावले. त्या दिवशी आम्ही दिवसाउजेडी जेवलो. आई भाकरी थापताना गुणगुणत होती.

पुढे काकू गेल्या. काकांच्या घरी चूल पेटली नाही. आई नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून निघाली, तिच्यामागे मी. काकांनी फडकं सोडलं, तुकडा मोडला.

"पीठ जाड आलंय," ते म्हणाले. "दगड झिजून गुळगुळीत झालेत, टाकी लावायला हवी."

"लावा हो," आई म्हणाली. "आधी जेवा."