जावयाच्या डोक्यावरचा फेटा

जळगावच्या जिनवाल्या शेठने मला फसवलं. पैशात नाही, दलाली त्यांनी चोख दिली. फसवलं ते चारचौघांत, फेटा हातात घेऊन.

हंगामाच्या पहिल्या कापूसगाड्या जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात आल्या की मालक बैलांना कुंकू लावी आणि त्या गाड्या आणणाऱ्या दलालाला सगळ्यांसमोर फेटा बांधी. माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबला. मला तो फेटा हवाच होता.

त्या वर्षी चोपड्याकडच्या गाड्या धुळ्याला निघाल्या होत्या. मी त्या तापीकाठी गाठल्या. त्यांचे म्होरके आबा खमके होते. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची आमची रीत. दुपारभर हात रुमालाखाली होते आणि तोंडं एकमेकांचं कूळ काढत होती. शेवटी आबांनी बैल जळगावकडे वळवले.

मुहूर्ताला शेठने फेटा उचलला, माझ्यापुढून नेला आणि आपल्या जावयाला बांधला. जावई आदल्याच संध्याकाळी धुळ्याहून आलेला. धोतराला शेण लागेल म्हणून बैलांपासून लांब उभा होता. "यांच्या पायगुणानं गाड्या आल्या," शेठ म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. शेठसमोर माना डोलवायला काय लागतं?

आबा मात्र माझ्याजवळ आले. "बठ्ठ्या गाड्या तू आन्यात ना भाऊ? मंग तुनं डोकं उघडं कसं? का तापीवर जावईबुवा उना व्हता, नि माले दिसना नही?"

तापीवर आला होता तो एकटा मीच. मी शेठला आत गाठलं.

"अरे, तू तर घरचा माणूस. घरच्याला कसला फेटा?"

"मग जावई बाहेरचा का, शेठ?"

त्यांनी पान तोंडात घातलं. बोलायचं नसलं की ते पान खात.

मी काम सोडलं नाही, पण त्यातला जीव काढून घेतला. सांगतील तेवढंच करायचं. पुढच्या हंगामात गाड्या पुन्हा धुळ्याकडे निघाल्या, तेव्हा मी जिनच्या फाटकात शेंगा सोलत बसलो होतो. शेठ धावत आले. म्हटलं, "जावयाला पाठवा. पायगुण आहे."

गाड्या धुळ्यालाच गेल्या.

आज माझी स्वतःची पेढी आहे, आणि शेठ म्हातारपणी गादीवर बसून सांगतात की हा माझ्या हाताखाली तयार झाला. झालो. मग शेठ, त्याच आवारात, गाडीवाल्यांसमोर, पान थुंकून एवढं सांगा: त्या वर्षी गाड्या कोणी आणल्या? आबा अजून हयात आहेत. ऐकायला त्यांना मी घेऊन येतो.